कपड्याची हौस आणि चिवराची शिकवण

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा सारांश)



मला कपड्यांची हौस आहे, हे आधीच कबूल करते. ती वाईट नाही. १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी बायांना सांगितलं, नीटनेटकं नेसा, नेसण्यावरून जात ओळखू येऊ देऊ नका. १९५६ ला नागपुरात आपली माणसं पांढऱ्या वस्त्रात दीक्षेला गेली. कपडा हा आपल्या मानाचा प्रश्न आहे.

पण बाई, मान वेगळा आणि ढीग वेगळा! माझ्या कपाटात पाच पांढऱ्या साड्या. नेसते एक, चार घडीतच पिवळ्या पडल्या. माझी माय याच यवतमाळ जिल्ह्यात दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायची. बोंडाच्या टोकानं तिची बोटं सोलायची. ते आठवलं की लाज वाटते.

विनयपिटकात गोष्ट आहे. उदेन राजाच्या राण्यांकडून पाचशे चिवरं मिळाल्याचं ऐकून राजा आनंदांना विचारतो, एवढ्याचं काय करता? आनंद सांगतात, ज्यांची चिवरं विरली त्यांना देतो. जुन्याचं पांघरूण होतं, मग गादीची खोळ, मग जमिनीवरचं अंथरूण, मग पायपुसणं, मग फडकं. शेवटी चिंध्या मातीत कालवून जमीन लिंपतो. काहीच वाया नाही!

मी दोन साड्या नीळ देऊन शेजारच्या पोरींना दिल्या, दोघींची नातवासाठी वाकळ शिवली. नवीन घ्या, जरूर घ्या. पण आधी जुनं कुणाच्या कामी लागलं, ते स्वतःला विचारा.

जयभीम! नमो बुद्धाय!