पायांचा हिशेब आणि रक्तपट्टिका
(सुवर्णमहोत्सवानिमित्त ज्येष्ठांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मी वैद्य नाही, कापडाचा व्यापारी आहे. तथापि स्वतःवर बेतलेल्या प्रसंगातून जे शिकलो, ते आपणांसमोर ठेवतो.

आपल्या मावळात, कामशेतजवळ पाले येथील गुंफेत अरिहंतांना नमन करणारा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी शिलालेख आहे. चार वर्षांपूर्वी तेथे चढताना माझी उजवी पोटरी आवळून आली. थांबलो की दुखणे जाई, चाललो की परत येई. रक्ततपासणीत प्लेटलेट, म्हणजे रक्तपट्टिका, दीड ते साडेचार लाखांच्या नेहमीच्या मर्यादेत होत्या. तेव्हा 'वय झाले' असे म्हणून मी वर्षभर स्वस्थ बसलो. ही चूक सर्वस्वी माझी होती.

पुढे डॉक्टरांनी समजावले, की पट्टिकांची संख्या ही केवळ शिल्लक मालाची मोजदाद आहे. त्यांचा चिकटपणा त्यातून कळत नाही. पायाच्या धमनीत चरबीचा थर साचला व तो फाटला, की पट्टिका तेथे चिकटून गुठळी धरतात. अहवालातील 'एमपीव्ही' हा आकडा पट्टिकांचे सरासरी आकारमान सांगतो. मोठ्या पट्टिका अधिक सक्रिय असतात, म्हणून या विकाराशी त्याचा संबंध अभ्यासला जातो. परंतु नमुना किती वेळ ठेवला यावरही हा आकडा बदलतो. केवळ त्यावरून निदान होत नाही.

निदानाचा पहिला हिशेब साधा आहे. घोट्याजवळचा रक्तदाब भागिले दंडाचा रक्तदाब. उत्तर ०.९ किंवा त्याहून कमी आले, तर धमनी अरुंद झाल्याचा संशय बळावतो. घोट्याशी ९० आणि दंडाशी १४० असेल, तर उत्तर येते ०.६४. जुन्या मधुमेहात धमन्या कडक झाल्याने हा भागाकार फसवा ठरू शकतो. तेव्हा अन्य तपासण्या लागतात.

तंबाखू, मधुमेह, रक्तदाब आणि वाढलेले कोलेस्टेरॉल ही मुख्य कारणे आहेत. गादीवर बसून तंबाखू मळणाऱ्या माझ्या व्यापारी बंधूंनी हे विशेष ध्यानी घ्यावे. मधुमेही यात्रेकरूंनी अनवाणी चालण्यापूर्वी व नंतर तळपाय तपासावेत. बोट काळे पडले, जखम भरेना, किंवा रात्री पडल्या जागी पाय दुखू लागला, तर एक दिवसही दवडू नये.

एक विनंती. पर्युषणात उपवासाचे पच्चक्खाण घेण्यापूर्वी औषधांविषयी डॉक्टरांना विचारावे. ॲस्पिरिनसारखी गोळी पट्टिकांचा चिकटपणा कमी करते; ती आपल्या मनाने बंद करू नये, तशीच सुरूही करू नये.

आज मी वैद्यकीय सल्ल्याने दुखेपर्यंत चालतो, थांबतो, पुन्हा चालतो. गतवर्षी पाल्याची ती चढण पूर्ण केली आणि त्या शिलालेखासमोर हात जोडले. देह हे धर्मसाधनेचे साधन आहे. त्याची निगा राखणे हेही आपले कर्तव्यच होय.

बोलण्यात काही अधिक-उणे झाले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र!