गटाचा कॉम्प्युटर : पळवायचा की जपायचा?

 

गेल्या उन्हाळ्यात आमच्या ग्रामसंघाचा कॉम्प्युटर फार रखडायला लागला. कर्जखात्याची फाइल उघडेपर्यंत चहा होऊन जायचा. दुकानदाराने दोन वाटा सांगितल्या. एक, जास्त वेगाची नवी रॅम घ्या. दुसरी, आहे तीच रॅम सेटिंग बदलून जोरात पळवू. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. पैसा लागणार नव्हता, म्हणून आम्ही दुसरी वाट धरली.

रॅम म्हणजे काय? बैठकीत आपण पेटीतल्या वह्या काढून सतरंजीवर मांडतो. पेटी म्हणजे डिस्क आणि सतरंजी म्हणजे रॅम. काम सगळं सतरंजीवर चालतं.

आमच्या रॅमवर २४०० लिहिलेलं होतं. म्हणजे सेकंदाला २४० कोटी वेळा माहितीची देवाणघेवाण. ती ३००० वर नेली. त्यासाठी विजेचा दाब १.२ व्होल्टवरून १.३५ व्होल्ट केला. गिरणी मापाबाहेर पळवली की पीठ गरम येतं, आणि भाकरी थापताना चिरते. इथेही तसंच झालं. मे महिना, पारा ४५ च्या आसपास, वर पत्र्याची खोली. आठवड्यात दोनदा कॉम्प्युटर मध्येच बंद पडला आणि परतफेडीची फाइल उघडेना.

हाताने लिहिलेलं रजिस्टर होतं म्हणून निभावलं. नाहीतर कुणाचे किती हप्ते आले, हे कुणाच्या शब्दावर लिहायचं? दोन रात्री बसून सगळे आकडे पुन्हा भरले. फाइल बिघडली तर निदान कळतं. पण ताण पडलेली रॅम एखादा आकडा गुपचूप बदलूही शकते. ते जास्त वाईट.

मग जास्त वेगाची रॅम घ्यावी का? घाई नको. मदरबोर्ड २६६६ पर्यंतचाच असेल, तर ३२०० ची रॅमही २६६६ नेच चालते. डीडीआर ३ च्या खाचेत डीडीआर ४ बसतच नाही. शिवाय हिशोब, पत्रं, ऑनलाइन अर्ज या कामांत रॅमच्या वेगाचा फरक फारसा जाणवत नाही.

आधी दुखणं ओळखा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. परफॉर्मन्समध्ये जाऊन मेमरी बघा. आमची ४ जीबी रॅम जवळजवळ पूर्ण भरलेली दिसली. म्हणजे वेग कमी नव्हता, सतरंजीच अपुरी होती! एक वही मिटल्याशिवाय दुसरी उघडायला जागाच नव्हती. आम्ही सेटिंग पहिल्यासारखं केलं आणि तशाच वेगाची ४ जीबीची आणखी एक पट्टी बसवली. मग विंडोजमधल्या ‘मेमरी डायग्नोस्टिक’ने तपासून घेतलं. आता काम सुरळीत चालतं.

तेव्हा ताई, हिशोबाचा कॉम्प्युटर मापाबाहेर पळवू नका. त्याने वॉरंटीही जाऊ शकते. रॅम घ्यायचीच, तर मदरबोर्डला कोणती चालते ते विचारून, बैठकीत ठराव करून, पक्क्या बिलावर घ्या. दर आठवड्याला हिशोबाची एक प्रत पेनड्राइव्हवर काढा आणि रजिस्टर लिहिणं सोडू नका. पंचसूत्रीत ‘नियमित लेखे’ आहे, ते आपल्या बायांच्या घामाच्या पैशासाठीच.