संग्रहालयातील घरटे आणि बांधावरचे घरटे



कर्जत व खालापूर तालुक्यांतील शाळेची सहल मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात गेली, म्हणजे मुले रांगेने दालने पाहतात, पाट्या उतरवून घेतात व सायंकाळी परततात. काचेआडचा पक्षी त्यांनी पाहिलेला असतो. परंतु तोच पक्षी आपल्या शेताच्या बांधावर येतो, हे थोड्यांच्याच ध्यानी येते. ही उणीव मुलांची नव्हे, दाखविण्याच्या पद्धतीची आहे.

या बाबतीत डॉ. सालिम अली यांचे उदाहरण बोधप्रद आहे. बालवयात पिवळ्या कंठाच्या एका चिमणीची ओळख पटविण्यासाठी ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि तेथील संग्रह पाहून त्यांना पक्ष्यांची गोडी लागली. १९२६ साली ते प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजेच आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, निसर्गविभागाचे मार्गदर्शक व्याख्याते झाले. पुढे १९३० मध्ये आपल्याच जिल्ह्यातील किहीम येथे त्यांनी सुगरण पक्ष्याचे निरीक्षण केले.

लोकभाषेने या पक्ष्याला स्त्रीचे नाव दिले. घरटे मात्र नर विणतो. अर्धवट घरटे मादी पाहून जाते. पसंत पडल्यास तेथे राहते. नर ते पुरे करून दुसरे विणावयास घेतो. संग्रहालयातील घरटे विणीचे कौशल्य दाखवील. ते कोणी विणले, हे सांगणार नाही. ते बांधावर बसून पाहणाऱ्यालाच कळते.

म्हणून सहलीपूर्वी, भातशेते हिरवी असताना, मुलांना घरट्यांपासून दूर बसवून तीन प्रश्न द्यावेत: पाती कोठून आणली? विणतो कोण? अर्धवट घरटी किती? घरट्याला हात मात्र लावू देऊ नये. उत्तरांची वही संग्रहालयात न्यावी. तेथे सर्व दालने पाहण्याचा हव्यास न धरता मोजक्याच वस्तूंपुढे थांबावे आणि परतल्यावर पुन्हा बांधावर जावे.

ठाकर व कातकरी वाड्यांतील पुष्कळ मुले रानातील पाखरे, कंद, मासे आधीच ओळखतात. वर्गात मागे बसणारा असा एखादा मुलगा काचेपुढे उभा राहून, "हा आमच्या विहिरीवर येतो," असे सांगू लागला, तर त्याला बोलू द्यावे, इतरांना ऐकू द्यावे. विद्या काचेआडच असते, असा समज घेऊन तो परतला, तर सहलीने त्याचे नुकसानच केले. आपण जाणतो ते तेथेही मोलाचे आहे, हे त्याला उमगले, तर सहल सार्थकी लागली.