गाता गाता जन्मलेलं गाणं कागदावर
(रेडिओवरील भाषण)



आपल्या बीड जिल्ह्यात, माजलगावात, भीमनगर नावाची वस्ती आहे. १९९६ साली तिथल्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. बाबासाहेबांच्या, रमाईच्या, बुद्धाच्या आणि धम्माच्या त्या ओव्या. पुढ्यात वही नाही, कुणी लिहून दिलेला मजकूर नाही. एकीनं ओळ धरायची, दुसरीनं ती उचलायची, आणि पहिली ओवी, दुसरी ओवी असं करत पुढं जायचं. शब्दांचा साठा पिढ्यान्‌पिढ्यांचा असतो. पण त्या घटकेला कोणती ओळ कशाला जोडायची, कुणाचं नाव घालायचं आणि कुठं थांबायचं, हे गाणारी तिथल्या तिथं ठरवते. असं उत्स्फूर्त गाणं कागदावर कसं उतरवायचं आणि उतरवताना काय जपायचं, याविषयी मला आज तुमच्याशी बोलायचं आहे.

भीमनगरचं ते ध्वनिमुद्रण एका फार मोठ्या कामाचा भाग होतं. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी १९८०च्या दशकात जात्यावरच्या ओव्या गोळा करायला घेतल्या. पॉइत्वाँ जन्मानं फ्रेंच. भारतात आले, इथलेच झाले, इथलं नागरिकत्व घेतलं. २००४ साली ते वारले. गावोगावच्या कार्यकर्त्यांना बरोबर घेऊन या दोघांनी हजाराहून जास्त गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या लिहून घेतल्या. पुढं बेर्नार बेल हे फ्रेंच संगीत अभ्यासक त्यांना येऊन मिळाले आणि ध्वनिमुद्रणाचं काम झपाट्यानं वाढलं. हा सगळा ठेवा आता पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, म्हणजे ‘पारी’, लोकांसमोर आणते आहे. प्रत्येक ओवीसोबत गाणारीचं नाव आहे, गाव आहे. बीडच्या बाईचा आवाज आज जगात कुठंही बसून ऐकता येतो.

बेल यांना उत्स्फूर्त वादन लिहिण्याचा अनुभव आधीपासून होता. लखनौ घराण्याचे तबलानवाज उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्याकडं जेम्स किपन हे अभ्यासक तबला शिकत होते. कायदा म्हणजे तबल्यावरची बांधलेली रचना, पण तिचे पलटे, म्हणजे तिचे बदललेले प्रकार, वाजवणारा वाजवता वाजवता करतो. ते टिपायला आणि त्यांचे नियम शोधायला १९८०च्या दशकात बेल आणि किपन यांनी ‘बोल प्रोसेसर’ नावाची संगणकप्रणाली तयार केली. संगणकानं रचलेला पलटा ते तबल्याच्या जाणकारांपुढं ठेवत आणि हा कायद्यात बसतो का, असं विचारत. जाणकार नाही म्हणाले, की नियम दुरुस्त व्हायचा. लिहिणाऱ्यानं वाजवणाऱ्याकडून तपासून घ्यायचं, ही शिस्त मला फार मोलाची वाटते.

आता थोडं फ्रान्सकडं जाऊ, कारण उत्स्फूर्त वादन लिहून काढण्याचा एक फार चांगला दाखला तिथं सापडतो. संगीत नाटकातला ऑर्गन आपल्याला माहीत आहे, पायानं भाता चालवायचा. त्याच जातीची हार्मोनियम पॅरिसच्या अलेक्झांद्र देबँ यांनी १८४२ साली पेटंट घेऊन बाजारात आणली आणि पुढं ती आपल्या भजनातली पेटी झाली. चर्चमधला मोठा ऑर्गन मात्र वेगळा. त्यात पेटीसारख्या हवेनं थरथरणाऱ्या धातूच्या सुट्या पात्या क्वचितच असतात. लहानमोठ्या शेकडो, कधी हजारो नळ्यांतून हवा सुटते आणि सूर उमटतो. हातांसाठी पट्ट्यांच्या दोन, तीन, चार ओळी असतात आणि पायांनी वाजवायची ओळ खाली वेगळी. फ्रान्समध्ये या वादकानं प्रार्थनेच्या वेळी जुनी धून घेऊन तिथल्या तिथं रचना उभी करायची, अशी रीत आहे. प्रार्थना संपली की ती रचनाही संपली.

पॅरिसच्या सेंट क्लोटिल्ड चर्चमध्ये शार्ल तुर्नमीर हे असे वादक होते. १९३० आणि १९३१ साली त्यांनी तिथं वाजवलेल्या पाच उत्स्फूर्त रचना तबकड्यांवर उतरल्या. तुर्नमीर १९३९ साली वारले. त्यानंतर त्यांचे शिष्य मोरीस द्युरुफ्ले यांनी तबकड्या पुन्हा पुन्हा ऐकून त्या पाचही रचना स्वरलिपीत उतरवल्या आणि १९५८ साली त्या छापून आल्या. त्याआधी आपले दुसरे गुरू लुई व्हिएर्न यांनी १९२८ साली नोत्र दाम चर्चमध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या तीन रचनाही द्युरुफ्ले यांनीच लिहिल्या होत्या. त्या काळच्या तबकडीत खरखर फार, खालचे सूर अस्पष्ट. पायाच्या पट्टीवर नेमकं काय वाजलं, हे नुसत्या कानानं ओळखणं कठीण. पण द्युरुफ्ले या दोन्ही गुरूंच्या शेजारी बसले होते, त्यांच्या गैरहजेरीत त्यांच्या जागी वाजवत होते. गुरूचा हात कुठून कुठं जातो, हे त्यांना ठाऊक होतं. जे तबकडीत पुसट झालं होतं, ते त्यांनी या ओळखीच्या बळावर भरून काढलं.

पुढं नोत्र दाममध्ये १९५५ ते १९८४ पिएर कोशरो हे वादक होते. त्यांच्याही उत्स्फूर्त वादनाच्या फिती राहिल्या आणि डेव्हिड ब्रिग्ज या इंग्रज वादकानं आणि इतर काहींनी कित्येक वर्षं खपून त्या लिहून काढल्या. काही मिनिटांत वाजलेलं लिहायला माणसाची वर्षं जातात. ही मेहनत कशासाठी? कारण लिहिलं की दुसऱ्याला वाजवता येतं, शिकवता येतं, त्यातली बांधणी उलगडून पाहता येते. आज जगभरातले वादक तुर्नमीरच्या त्या रचना मैफलीत वाजवतात. आणि मूळ ध्वनिमुद्रण हाताशी असल्यामुळं लिहिलेलं बरोबर आहे का, हे कुणालाही पडताळता येतं.

आपल्याकडं गाणं स्वरलिपीत उतरवण्याचं काम विष्णू नारायण भातखंडे यांनी केलं. घराण्याघराण्यांत दडलेल्या बंदिशी मिळवून त्यांनी ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत छापल्या. त्यांची स्वरलिपी शाळकरी मुलालाही वाचता येते. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब. अक्षर लांबवायचं असेल तर अवग्रह, मींड असेल तर स्वरांवर कमान. विष्णू दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, त्यांनीही आपली वेगळी स्वरलिपी वापरली. या दोघांमुळं गाणं घरोघरी पोहोचलं.

जात्यावरच्या ओवीच्या वाट्याला मात्र हे आलं नाही. बीड जिल्ह्याला ओवीचा केवढा वारसा आहे पाहा. ओवीबद्ध ‘विवेकसिंधू’ रचणाऱ्या मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईला आहे. तिथल्याच दासोपंतांनी ‘गीतार्णव’ हा सव्वा लाख ओव्यांचा म्हणून ओळखला जाणारा ग्रंथ रचला आणि ‘पंचीकरण’ तर सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडावर लिहून काढलं. ती पासोडी अंबाजोगाईची शान आहे. ग्रंथातली ओवी इतक्या निगुतीनं लिहिली गेली, आणि त्याच मुलखात पहाटे जात्यावर बसलेल्या बाईची ओवी शतकानुशतकं वाऱ्यावर गेली. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये बायांच्या ओव्या गोळा केल्या, सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीमार्फत मोठं काम केलं. या सगळ्यांचे उपकार आहेत. पण कागदावर आले ते बहुतेक शब्दच. चाल, जिला बाया गळा म्हणतात, ती लिहायची राहिली.

छापलेली ओवी दोन ओळींत संपते. तीच गाताना ऐका. बाई पहिल्या ओळीचा अर्धा तुकडा म्हणते, तोच पुन्हा घेते, मध्ये ‘गं बाई’ घालते, मग ओळ पुरी करते. दुसऱ्या ओळीवर जायच्या आधी पहिलीचं शेपूट परत धरते. तोपर्यंत पुढची ओळ तिच्या मनात जुळत असते. म्हणजे जे शब्द लिहिणारा भरतीचे म्हणून गाळतो, तेच तिला रचायला सवड देतात. उत्स्फूर्त रचना कशी घडते, हे नेमकं तिथं कळतं आणि नेमकं तेच छापताना निघून जातं.

स्वरलिपीचीही अडचण आहे. भातखंडे पद्धतीत तालाचे विभाग आखून त्यांत स्वर भरायचे असतात, सम आणि खाली दाखवायची असते. ओवीला तबला नाही, मात्रा मोजलेल्या नाहीत. तिची लय हाताच्या ओढीवर चालते. खुंटा धरून वरची तळी फिरवायची, दुसऱ्या हातानं मूठभर दाणे जात्याच्या तोंडात सोडायचे. दाणे भरपूर पडले की जातं जड चालतं, आवाज लांबतो. दाणे संपत आले की जातं हलकं होतं. ही ओवी त्रितालाच्या चौकटीत कोंबली तर ती ओवी राहणार नाही. मला असं सुचतं की तालाच्या रेघा मारूच नयेत. स्वर भातखंड्यांच्याच खुणांनी लिहावेत आणि त्यांच्याखाली जात्याच्या प्रत्येक फेऱ्याला एक खूण करावी. ध्वनिमुद्रणात जात्याची घरघर असतेच, तिच्यावरून फेरा ओळखता येतो. मग गळा आणि हात यांचं नातं कागदावर दिसेल.

श्रोतेहो, हे काम आता आपल्या हातात आहे. गावात पिठाची गिरणी येऊन जमाना झाला. ज्यांनी जात्यावर बसून ओव्या म्हटल्या, त्या आपल्या आया, आज्या आता वयानं थकल्या आहेत. आपल्या जिल्ह्यातली किती तरी कुटुंबं हंगामात ऊसतोडीला जातात. ती परतली की उन्हाळ्यात सवड काढा. मोबाइल सगळ्यांकडं आहे. आजीला विचारा, तिचं ध्वनिमुद्रण केलेलं चालेल का, ते कुणाला ऐकवायचं आहे, हे आधी सांगा. तिनं हो म्हटलं तरच पुढं जा. जातं घरात असेल तर त्यावरच बसू द्या. चांगल्या चार ओव्या निवडू नका, पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं घ्या, थांबणं आणि आठवणंसुद्धा. तिचं नाव, गाव, माहेर, कुणाकडून शिकली, हे तिच्याच तोंडून नोंदवा.

मग लिहायला बसा. ती जशी बोलली तसंच लिहा. आपल्या बीडकडच्या बोलीला पुस्तकी करू नका, ‘गं बाई’ गाळू नका. लिहिलेलं तिला वाचून दाखवा, ती चुका दाखवील त्या दुरुस्त करा. नंतर गावातल्या भजनी मंडळातला पेटीवाला असेल, शाळेतले संगीत शिक्षक असतील, त्यांना स्वर लिहायला सांगा आणि ध्वनिमुद्रण नेहमी त्या कागदासोबत ठेवा. कागद सांगतो ते आवाजाशी ताडून पाहता आलं पाहिजे.

आणि एक गोष्ट अगदी आवर्जून सांगतो. द्युरुफ्ले यांनी इतके कष्ट घेऊन लिहिलेल्या त्या पाच रचना तुर्नमीरच्या नावानं ओळखल्या जातात. द्युरुफ्ले यांचं नाव लिहून काढणारा म्हणून येतं. हा न्याय आपल्या बायांनाही मिळाला पाहिजे. स्वरलिपीच्या पानावर ‘पारंपरिक’ एवढंच लिहून मोकळं होऊ नका. जिनं त्या घटकेला ओळीला ओळ जोडली, तिची परवानगी घेऊन रचनाकार म्हणून तिचं नाव वर लिहा, आणि लिहून घेणाऱ्यानं आपलं नाव त्याखाली घालावं.