शिसव : पिढ्यांनी साठविलेले धन

जुन्या वाड्याची वाटणी होते, तेव्हा भांडी मोजली जातात, दागिन्यांचे वजन होते आणि जमिनीची मोजणी होते. माजघरातील झोपाळ्याची फळी, पंक्तीचे शिसवी पाट आणि आजोबांचा काळाभोर पलंग मात्र अडगळीत जमा होतात. नव्या बिऱ्हाडात जागा नाही, एवढ्याच कारणाने ते जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याकडे जातात. व्यापारी फळीखाली हात घालून ती किंचित उचलतो आणि मुकाट्याने पैसे मोजतो. त्या वजनाचा अर्थ त्याला ठाऊक असतो. विकणाऱ्याला बहुधा तो नसतो.

शिसव हा आपल्या सह्याद्रीचा वृक्ष. बेळगाव जिल्ह्यातील खानापूरची राने, कारवारचा मुलूख आणि गोव्याच्या पूर्वेकडील डोंगर येथे तो साग, ऐन, किंजळ यांच्या सोबतीने वाढतो. कानडीत त्याला बीटे म्हणतात. वनस्पतिशास्त्रातील त्याचे नाव डाल्बर्जिया लॅटिफोलिया, म्हणजे रुंद पानांचा. हरभरा व तूर ज्या कुळातील, त्याच कुळातील हा वृक्ष. त्याच्या मुळांवरील गाठींत हवेतील नत्र साठविला जातो व जमिनीचा कस वाढतो.

उत्तरेकडील नद्यांच्या काठी वाढणारा शिसम हा त्याचा भाऊबंद. पण दोघे एक नव्हेत. शिसमाचे लाकूड सोनेरी तपकिरी असते. शिसवाचे जांभळट तपकिरी व त्यात काळ्या रेषा. बाजारात दोन्ही एकाच इंग्रजी नावाने विकली जातात आणि कित्येकदा साध्या लाकडाला काळा रंग देऊन शिसव म्हणून खपविले जाते. म्हणून घेणाऱ्याने खणाची आतली बाजू व फळीचा कापलेला शेवट पाहावा. रंग वरचा असेल तर तो तेथे उघडा पडतो.

शिसवाचे सारे मोल त्याच्या गाभ्यात आहे. सालीलगतचे फिकट लाकूड कमी टिकाऊ असते, त्याला वाळवी व कीड लागते. जसजसा वृक्ष जुना होतो, तसतसे आतील लाकूड पाणी वाहून नेण्याचे काम सोडते, त्यात रंगद्रव्ये व सुगंधी द्रव्ये साठत जातात आणि काळसर, कठीण गाभा तयार होतो. ताज्या कापलेल्या शिसवाला गुलाबासारखा मंद गंध येतो, तो यामुळेच. सागाचे वजन दर घनमीटरला सुमारे ६५० किलो भरते, तर शिसवाचे ८५० किलोच्या आसपास. त्यात चुन्यासारखे कण असल्यामुळे सुताराचा रंधा लवकर बोथट होतो. लाकडाचा भुसा काहींच्या श्वासाला व त्वचेला बाधतो. तेव्हा कारागिराने नाकावर फडके बांधणे इष्ट. परंतु एकदा घडविलेली वस्तू सहसा वाकत नाही आणि तिला आरशासारखी झिलई चढते.

या गुणांमुळे शिसवाला राजवाड्यापासून मैफलीपर्यंत मान मिळाला. १९१२ साली पुऱ्या झालेल्या म्हैसूरच्या राजवाड्यात हस्तिदंत जडविलेला शिसवी दरवाजा आहे. शिसवावर निरनिराळ्या रंगांचे लाकूड जडविण्याची म्हैसूरची कला आजही जिवंत आहे. तबल्याचे खोड शिसवाचे, खैराचे किंवा बिवळ्याचे करतात. घट्ट लाकूड कंपन शोषून घेत नाही, ते घुमू देते. म्हणून गिटारीची पाठ व बाजू यांसाठी परदेशातही शिसवाला मागणी आली. ब्राझीलमधील त्याच्या भाऊबंदाची राने उजाड झाली आणि १९९२ साली त्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. मागणीचा भार मग अधिकच भारतीय शिसवाकडे वळला.

पुढे २०१७ च्या जानेवारीपासून या सबंध गोताचा परदेशी व्यापार आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखाली आला. २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. तरीही लोभ सुटलेला नाही. केरळातील वायनाड जिल्ह्यात मुट्टिल येथे शिसवाच्या बेकायदा तोडीचे प्रकरण २०२१ मध्ये गाजले. पाडलेल्या वृक्षांपैकी काही कित्येक शतकांचे होते, असे तपासणीत आढळले. ज्याने शिवाजी महाराजांचा काळ पाहिला असेल असा वृक्ष करवतीखाली येण्यास एक दिवसही पुरेसा होतो.

मग शिसव वापरूच नये काय? तसे नाही. जुने आहे ते जपावे, हा पहिला मार्ग. शिसवी वस्तूवर तैलरंग फासू नये. ती उन्हात ठेवू नये, कारण उन्हाने तिचा रंग विटतो. ओल्या फडक्याऐवजी कोरडे मऊ फडके वापरावे आणि झिलई गेली असल्यास लाखेचे पॉलिश करावे. मोठा पलंग मावत नसेल, तर जाणत्या सुताराकडून त्याचे बाक वा पेटी करून घ्यावी. दुसरा मार्ग काटकसरीचा : अखंड फळीऐवजी साध्या लाकडावर शिसवाचा पातळ पापुद्रा चिकटविला, तर एका ओंडक्यात पुष्कळ घरांची हौस भागते. तिसरा मार्ग लागवडीचा. जावा बेटात शिसवाची लागवड झालेली आहे. आपल्याकडे कोडगूच्या कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी तो राखला जातो. त्याच्या मुळांतून नवे फुटवे येतात. गुरांपासून व वणव्यापासून ते वाचविले, तरी रान पुन्हा उभे राहू शकते.

लावणाऱ्याला त्याचा गाभा पाहावयास मिळणार नाही, हे खरे. पण आज ज्या पाटावर आपण जेवावयास बसतो, त्याचे झाड ज्या काळी वाढू लागले, त्या काळी आपणही नव्हतो. झोपाळ्याची फळी विकण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांनी एवढे मुलांना सांगितले, तरी पुष्कळ झाले.