भाव एक, भांडार जवळ

(डहाणू-तलासरी परिसरातील कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



शासकीय खरेदी हा काही सभेत टाळ्या मिळवून देणारा विषय नाही. निविदा, दरकरार, मागणीपत्रक, साठा नोंदवही हे शब्द कानी पडताच सामान्य माणूस तो कचेरीतील कारकुनांचा विषय समजून बाजूला सारतो. परंतु ऐन पावसाळ्यात, मध्यरात्री, पाड्यावरील झोपडीत जमिनीवर झोपलेल्या मुलाला मण्यार चावते, तेव्हा त्या मायबापांसमोर एकच प्रश्न उभा राहतो. जवळच्या आरोग्य केंद्राच्या कपाटात प्रतिसर्पविषाच्या कुप्या आहेत की नाहीत? याचे उत्तर त्या रात्री ठरत नाही. कित्येक महिन्यांपूर्वी कोणीतरी भरलेल्या, किंवा भरायचे राहून गेलेल्या, मागणीपत्रकाने ते आधीच ठरवून ठेवलेले असते. म्हणूनच खरेदीचा प्रश्न हा केवळ पैशाचा नसून माणसाच्या प्राणाचाही प्रश्न आहे.

एक तालुका, अनेक खरेदीदार

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन आठ तालुक्यांचा पालघर जिल्हा अस्तित्वात आला. त्यातील डहाणू आणि तलासरी हे गुजरातच्या सीमेला भिडलेले, वनवासीबहुल तालुके. या तालुक्यांत शासनाच्या वतीने खरेदी कोण करते, याचा शोध घेतला तर एक नव्हे, अनेक हात दिसतात. आश्रमशाळा आणि वसतिगृहे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाकडे. अंगणवाड्या महिला व बालविकासाकडे. सायवन, गंजाड, उधवा येथील प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडे, तर डहाणू आणि कासा येथील उपजिल्हा रुग्णालये व तलासरीचे ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांमार्फत थेट राज्य शासनाकडे. याखेरीज पंचायत समित्या आणि ग्रामपंचायती आहेतच.

यांपैकी प्रत्येकाचे लेखाशीर्ष वेगळे, मंजुरीचा मार्ग वेगळा आणि साठ्याची वहीही वेगळी. वस्तू मात्र बहुतांशी त्याच असतात. खाट, गादी, वजनकाटा, पाण्याची टाकी, संगणक, औषधाची गोळी. वजनकाटा अंगणवाडीलाही लागतो आणि उपकेंद्रालाही. दोन्ही खाती तो स्वतंत्रपणे, लहान संख्येने आणि म्हणून चढ्या भावाने घेतात. एकाकडे तो दोनदा येतो, दुसऱ्याकडे येतच नाही. पुरवठादाराला दोन्हीकडचे दर ठाऊक असतात. दोन्ही खात्यांच्या अधिकाऱ्यांना मात्र एकमेकांचे दर ठाऊक नसतात. बाजारात जो अधिक जाणतो तोच भाव ठरवतो, हा व्यवहाराचा साधा नियम आहे.

एकत्रीकरणाची वाट

हे दुखणे शासनाच्या लक्षात आले नव्हते, असे नाही. महाराष्ट्रात उद्योग संचालनालयाच्या अखत्यारीतील मध्यवर्ती भांडार खरेदी संघटना अनेक वर्षे दरकरार करीत असे. एकदा दर ठरला की सर्व खात्यांनी त्याच दराने वस्तू घ्यावी, अशी ती व्यवस्था होती. कल्पना उत्तम. पण दरकरार जुना झाला की बाजारभाव उतरला तरी सरकारी दर तसाच राहतो, आणि निविदेची स्पर्धा टाळण्यासाठी त्याच कराराचा आडोसाही घेता येतो. २०१५ साली सुमारे २०६ कोटी रुपयांच्या अशा खरेदीवरून राज्यात मोठे वादळ उठले. पुढे लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने त्या प्रकरणी निर्दोषत्वाचा निर्वाळा दिला. तरीही पद्धत बदलण्याची गरज सर्वांनाच पटली. १ डिसेंबर २०१६ रोजी राज्याने खरेदीची नवी नियमपुस्तिका जारी केली.

दुसरे उदाहरण अधिक वेदनादायी आहे, कारण ते वनवासी बांधवांच्या नावाने झालेल्या खरेदीचे आहे. २००४ ते २००९ या काळातील आदिवासी विकास विभागाच्या योजनांची चौकशी करण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०१४ साली निवृत्त न्यायमूर्ती एम. जी. गायकवाड यांची समिती नेमली गेली. समितीचा अहवाल २०१७ साली आला. लाभार्थ्यांच्या नावे खरेदी दाखवलेल्या वस्तू त्यांच्यापर्यंत न पोहोचणे, पोहोचल्या तर निकृष्ट असणे, हे त्यातील दुखणे होते. मंत्रालयात हिशेब जुळला, पण पाड्यावर वस्तू नव्हती. खरेदी एका ठिकाणी झाली म्हणजे ती प्रामाणिक होतेच असे नाही, हा या अहवालाचा पहिला बोध.

केंद्रातही बदल झाला. पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालय ही केंद्र सरकारची जुनी खरेदी यंत्रणा ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी बंद करण्यात आली. तिची जागा ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'जेम' या सरकारी ई-बाजारपेठेने घेतली. २०२३-२४ या एका वर्षात तिथे ४ लाख कोटी रुपयांहून अधिक मूल्याची खरेदी झाली. आता कोणत्याही कार्यालयाला दुसऱ्या ठिकाणचा दर पाहता येतो, ही फार मोठी गोष्ट आहे. भाव कळण्याचा प्रश्न पुष्कळसा सुटला. परंतु वस्तू कोठे पडून आहे आणि कोठे संपली आहे, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

हाफकिनचा धडा

२०१७ साली महाराष्ट्राने सार्वजनिक आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण या खात्यांची औषधे व उपकरणे एकत्रितपणे खरेदी करण्याचे काम हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाकडे सोपवले. हाफकिन हे नाव महाराष्ट्राला आदराचे. प्रतिसर्पविषाच्या निर्मितीतही त्याचा लौकिक. हेतूही योग्य होता. एकत्र मागणी, मोठी निविदा, कमी दर. प्रत्यक्षात मात्र निविदांना विलंब झाला, निधी अखर्चित राहिला आणि रुग्णालयांची कपाटे रिकामी पडली. लस व औषध बनवणाऱ्या संस्थेकडे राज्यभराची खरेदी आणि वितरण पेलणारी यंत्रणा नव्हती. २०२४ च्या अखेरीस विधिमंडळासमोर आलेल्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालानेही औषधपुरवठ्यातील या त्रुटींवर बोट ठेवले. त्यापूर्वी, २०२३ साली, राज्याने स्वतंत्र कायदा करून महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन केले.

हेच काम तामिळनाडूने कसे केले, ते पाहण्यासारखे आहे. तिथले वैद्यकीय सेवा महामंडळ १९९४ साली स्थापन झाले. दर ठरवण्याचे काम त्याने एका ठिकाणी ठेवले. भांडारे मात्र जिल्ह्याजिल्ह्यात उभारली. प्रत्येक रुग्णालयाला आणि आरोग्य केंद्राला एक पासबुक दिले. वर्षाला किती रकमेची औषधे घेता येतील, हे त्यात लिहिलेले. त्या मर्यादेत कोणते औषध किती घ्यायचे, हे त्या केंद्राचा डॉक्टर ठरवतो आणि आपल्या जिल्ह्याच्या भांडारातून माल उचलतो. आलेल्या प्रत्येक खेपेचा नमुना प्रयोगशाळेत उत्तीर्ण झाल्याशिवाय औषध वाटपासाठी बाहेर पडत नाही. पुढे राजस्थाननेही २०११ साली याच वाटेने पाऊल टाकले. दोन राज्यांच्या अनुभवातील अंतर इथे स्पष्ट दिसते. तामिळनाडूने भाव एकत्र केला आणि मागणीचा अधिकार डॉक्टरकडे ठेवला. महाराष्ट्रात भावाबरोबर निर्णय आणि विलंब हेही एकत्र झाले.

कांबळगावचे स्वयंपाकघर

औषधाची गोष्ट दूरची वाटत असेल, तर याच जिल्ह्यातील अन्नाची गोष्ट घ्यावी. आश्रमशाळांतील मुलांना एकसारखे, पौष्टिक आणि स्वच्छ जेवण मिळावे म्हणून बोईसरनजीकच्या कांबळगाव येथे मध्यवर्ती स्वयंपाकघर उभे राहिले. त्याच्या उभारणीत टाटा ट्रस्टचे सहकार्य होते. धान्य, तेल, इंधन यांची खरेदी एकत्र, स्वयंपाकही एकत्र. शाळाशाळांतील किराणा खरेदीची गळती थांबवण्याचा तो प्रामाणिक प्रयत्न होता. परंतु ऑगस्ट २०२४ मध्ये डहाणू प्रकल्पातील अनेक आश्रमशाळांच्या विद्यार्थ्यांना या स्वयंपाकघरातून आलेल्या जेवणानंतर विषबाधा झाली आणि मुलांना रुग्णालयांत हलवावे लागले.

या घटनेचे मर्म समजून घेतले पाहिजे. एका शाळेच्या चुलीवर चूक झाली तर एक शाळा आजारी पडते. वीस शाळांची चूल एक केली तर चूकही वीस शाळांना वाटली जाते. तांदूळ, डाळ, तेल या टिकणाऱ्या वस्तू आहेत. त्यांची खरेदी एकत्र करावी, भाव मिळतो. शिजवलेले अन्न मात्र तासातासाने उतरते. पावसाळ्यात घाटवळणांवरून गाडी पोहोचेपर्यंत ते तसेच राहत नाही. अंगणवाड्यांसाठी २०१५ साली सुरू झालेल्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेने अंडी, केळी, भाजी यांसाठी गावपातळीवरील आहार समितीवर विश्वास टाकला, तो यामुळेच. निधी वेळेवर पोहोचला तर ही पद्धत मध्यवर्ती स्वयंपाकघरापेक्षा ताजे अन्न देते आणि पैसाही गावात राहतो.

काय एकत्र करावे, काय करू नये

यातून एक सूत्र हाती येते. दर, दर्जा आणि माहिती एकत्र असावी. किती, केव्हा आणि कोणत्या स्वरूपात, हे वापरणाऱ्याने ठरवावे.

प्रतिसर्पविषावर हे सूत्र घासून पाहावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषांवर चालणारे हे औषध भुकटीच्या आणि द्रवाच्या अशा दोन रूपांत मिळते. द्रवरूपाला शीतकपाट लागते, भुकटीला त्याची सक्ती नसते. पावसात वीज जाणाऱ्या केंद्राला कोणते उपयोगी, हे मुंबईच्या निविदेत नव्हे तर सायवनच्या डॉक्टरलाच अधिक कळते. पहिली मात्राच साधारण आठ ते दहा कुप्यांची असते. प्रत्येक केंद्राला चार-चार कुप्या वाटल्या तर कागदावर सर्वांकडे साठा आहे, प्रत्यक्षात एकाही केंद्रात पहिली मात्रा पुरी होत नाही. प्रत्येक केंद्रात किमान एक पूर्ण मात्रा आणि उरलेला साठा कासा वा तलासरीला, सर्वांना दिसेल असा, ही रचना हवी. त्यासाठी जिल्हा परिषदेचे केंद्र आणि राज्य शासनाचे रुग्णालय यांच्यातील भिंत ओलांडून औषध इकडून तिकडे गेले पाहिजे. मुदत संपत आलेली कुपी एका कपाटात वाया जावी आणि पंधरा किलोमीटरवर त्याच कुपीसाठी रुग्ण पुढे पाठवावा लागावा, यासारखी उधळपट्टी नाही.

आपल्या परंपरेला हा विचार नवा नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोष्ठागाराच्या अध्यक्षाला सांगितले आहे की, साठ्यातील निम्मा भाग जनतेच्या आपत्तीसाठी राखावा, निम्मा वापरावा आणि नवा माल येताच जुना वापरात काढावा. त्याच ग्रंथात राजधन लुबाडण्याचे चाळीस मार्गही मोजले आहेत. साठा आणि सचोटी यांचा विचार एकत्र करावा लागतो, हे त्याने ओळखले होते.

कार्यकर्त्याचे काम

हे सारे शासनाने करायचे, मग कार्यकर्त्यांनी काय करायचे? पुष्कळ. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. २०१४ च्या राज्याच्या पेसा नियमांनी इथल्या ग्रामसभांना अधिकार दिले आहेत. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतील ५ टक्के अबंध निधी थेट ग्रामपंचायतींना मिळतो. शेजारच्या चार ग्रामपंचायतींना एकाच वर्षी पाण्याच्या टाक्या वा सौरदिवे हवे असतील, तर ठराव करण्यापूर्वी त्यांनी एकत्र बसून मागणी जुळवावी. एवढ्यासाठी मंत्रालयाच्या परवानगीची वाट पाहण्याचे कारण नाही.

रुग्ण कल्याण समिती आणि शाळा व्यवस्थापन समिती कागदावर असतातच. त्या बैठकीत जागरूक माणसाने दोन प्रश्न विचारावेत. आज साठ्यात काय आहे? आणि जूनमध्ये जे लागणार त्याची मागणी केव्हा गेली? माहिती अधिकार कायदा २००५ च्या चौथ्या कलमानुसार शासकीय कार्यालयांनी बरीचशी माहिती स्वतःहून प्रसिद्ध करायची आहे. साठ्याचा फलक केंद्राच्या दर्शनी भिंतीवर लागावा, असा आग्रह धरता येतो. शाळा जूनच्या मध्यावर उघडते, पाऊसही त्याच सुमारास येतो. मार्चअखेरच्या घाईत झालेली खरेदी आणि दिवाळीत हाती पडलेला रेनकोट यांचा उपयोग शून्य. म्हणून प्रश्न पावसाळ्यात नव्हे, हिवाळ्यातच विचारावे लागतात.

यात भांडणाचा सूर नको. आरोग्य केंद्रातील औषधनिर्माता, अंगणवाडी सेविका, प्रकल्प कार्यालयातील लेखनिक हे बहुधा अपुऱ्या माणसांनिशी काम रेटत असतात. त्यांच्या वहीतील आकडा शेजारच्या खात्याच्या वहीपर्यंत पोहोचवणारा दुवा त्यांनाही हवाच असतो. तो दुवा होणे कार्यकर्त्याला शक्य आहे, कारण तो कोणत्याही खात्याचा नसतो आणि पाड्यावर मात्र रोज जातो. येत्या पावसाळ्यापूर्वी दोन्ही तालुक्यांतील प्रत्येक आरोग्य केंद्रात प्रतिसर्पविषाची एक पूर्ण मात्रा आहे, एवढे जरी स्वतः पाहून, नोंदवून ठेवले, तरी या विषयाचे पहिले काम झाले असे म्हणता येईल.