बंदूक, परवाना आणि मोबाइलवरचा वर्ग



शस्त्र परवान्याचा अर्ज आता ऑनलाइन भरतात, हे आपल्याकडे बऱ्याच जणांना ठाऊक झालंय. त्यातूनच एक समज पसरलाय, की अर्ज मोबाइलवर आहे तर शिक्षणही मोबाइलवरच उरकेल. दोन-तीन तास व्हिडिओ बघायचे, थोड्या प्रश्नांच्या उत्तरांवर बोट ठेवायचं, प्रमाणपत्र छापून घ्यायचं आणि पिस्तूल शर्टाखाली खोचून अमरावतीच्या राजकमल चौकात नाही तर अकोल्याच्या गांधी रोडवर हिंडायचं. "मोबाइलवर शिकता येईन का जी?" असं विचारणारा पोरगा वेडा नाही. असे अभ्यासक्रम खरंच आहेत. फक्त ते अमेरिकेतले आहेत.

तिथल्या व्हर्जिनिया राज्यात लपवून शस्त्र बाळगण्याचा परवाना घ्यायला असा ऑनलाइन वर्ग बरीच वर्षं चालत होता. घरी बसून चित्रफीत बघा, परीक्षा द्या, झालं. शेवटी त्या राज्यालाच ते पुरेसं वाटेना. 1 जानेवारी 2021 पासून तिथं प्रशिक्षकासमोर हजर राहून शिकणं सक्तीचं झालं. न्यूयॉर्कनं 2022 साली आणखी पुढं जाऊन सोळा तासांचा वर्ग आणि दोन तासांचा प्रत्यक्ष गोळीबार मागितला. उलट तिथल्या कितीतरी राज्यांत आता असा परवानाच लागत नाही. एकाच देशात ही दोन टोकं आहेत. आपल्या कामाची गोष्ट एवढीच, की तिथलं प्रमाणपत्र छापून इथल्या फाइलीला जोडलं तर त्याचा उपयोग शून्य.

अमेरिकेत शस्त्र बाळगणं हा घटनेनं दिलेला हक्क आहे, आपल्याकडे ती सरकारनं द्यायची परवानगी आहे. हा फरक आपोआप पडलेला नाही. 1878 साली लॉर्ड लिटनच्या काळात इंग्रजांनी शस्त्रांचा कायदा आणून देश निःशस्त्र केला, त्याची सल मोठी होती. म्हणून 1931 च्या कराची काँग्रेसनं मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला. पुढं डिसेंबर 1948 मध्ये घटना समितीत तोच हक्क राज्यघटनेत घाला म्हणून दुरुस्ती मांडणारे सदस्य होते हरि विष्णु कामत. ते निवडून आले होते मध्य प्रांत आणि वऱ्हाडातून, म्हणजे आपल्याच प्रांताचे प्रतिनिधी. डॉ. आंबेडकरांनी ती दुरुस्ती मानली नाही. कुणीही बाजारात जाऊन वाटेल ते हत्यार विकत घेऊ लागला तर राज्य चालवायचं कसं, असा त्यांचा रोख होता. दुरुस्ती पडली. मला आंबेडकरांचं म्हणणं पटतं. पण कामतांनी प्रश्न विचारला हेही बरंच झालं, त्यामुळे निदान हा निर्णय बोलून, वाद घालून झाला.

मग 1959 चा शस्त्र कायदा आला आणि त्याखालचे सध्याचे नियम 2016 चे. त्यांतला दहावा नियम आपल्या विषयाचा. अर्जदारानं शस्त्र आणि दारूगोळ्याच्या सुरक्षिततेचं प्रशिक्षण घेतलं पाहिजे, आणि मान्यताप्राप्त प्रशिक्षकाचं एस-1 नमुन्यातलं प्रमाणपत्र जोडलं पाहिजे. त्यात नेम धरून गोळी झाडणं आहेच, पण तो भाग थोडा. शस्त्र हातात कसं धरायचं, बरोबर कसं न्यायचं, त्याची रचना काय, ते साफ कसं करायचं, घरात कुठं ठेवायचं, काडतुसांची नोंद कशी ठेवायची, कायदा काय म्हणतो, हे सगळं त्यात येतं. यातला कायदा पडद्यावर वाचता येईल. बाकीच्याला हात लागतो. अमरावतीत हे पटवून द्यायची गरज नसावी. 1914 पासून ज्या गावात हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, ज्याचं पथक 1936 साली बर्लिनला जाऊन आपले खेळ दाखवून आलं, त्या गावात मल्लखांब पुस्तकातून कुणी शिकलं नाही. मग भरलेलं रिव्हॉल्वर रिकामं करायला यूट्यूबवरून कसं शिकणार?

आणखी एक गोष्ट ऐकून पुष्कळांना नवल वाटतं. लपवून शस्त्र बाळगायचा वेगळा परवाना आपल्याकडे नाही, कारण सार्वजनिक जागी शस्त्र झाकलेलंच असलं पाहिजे असा नियम आहे. पिस्तूल म्यानात, लांब बंदूक खोळीत, दोन्ही पूर्ण झाकलेली आणि ताब्यात. कमरेचं दिसेल असं शर्ट वर करून मोबाइलवर फोटो टाकणारे वीर नेमका हाच नियम मोडतात. लग्नात आनंदानं गोळी झाडणं हा तर 2019 च्या दुरुस्तीपासून स्वतंत्र गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद नाही तर एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच दुरुस्तीनं एका माणसाकडच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच केली.

आता खऱ्या गरजेकडे येऊ. वऱ्हाडात बंदुकीची गरज सगळ्यात जास्त कुणाला आहे? अकोटच्या, पातूरच्या, मोर्शी-वरुडच्या वावरात रात्रभर जागलीला बसणाऱ्याला. रोह्यांचा कळप तुरीत शिरला की सकाळी नुसती धसकटं उरतात, आणि डुकरं हरभरा मुळासकट उकरतात. पिकाची नासाडी करणारे रोही आणि रानडुकरं मारायला परवानगी देण्याची वाट राज्य सरकारनं 2015 साली मोकळी केली, अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे करायचा. परवानगी मिळाली तरी गोळी झाडायला परवान्याची बंदूक लागते, आणि गावात ती असते किती जणांकडे? मग कुणी कुंपणाला विजेची तार जोडतो आणि त्यात माणूसच जातो. शस्त्र कायद्याच्या तेराव्या कलमात पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीची खास तरतूद आहे, तेवढ्यानं भागत नसेल तर दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचीही सोय आहे. माझं निरीक्षण असं, की या तरतुदीबद्दल विचारणारे थोडे आणि पिस्तुलाबद्दल विचारणारे फार. पिस्तूल मागणाऱ्याकडे बहुधा वावर नसतं, प्लॉट असतात.

ज्यांना धीर नाही ते सातपुड्यापलीकडे बघतात. बुऱ्हाणपूर जिल्ह्यातलं पाचोरी गाव गावठी पिस्तुलांसाठी बदनाम आहे. तिकडचा कट्टा स्वस्तात मिळत असेल, पण तो हातात फुटू शकतो, आणि जवळ सापडला तर थेट तुरुंग.

सरळ वाट अशी. वय एकवीस पूर्ण हवं. अर्ज केंद्राच्या पोर्टलवर भरायचा, मग कागदपत्रं कार्यालयात द्यायची. अमरावती शहरात हे अधिकार पोलीस आयुक्तांचे, जिल्ह्यात बाकी ठिकाणी आणि सगळ्या अकोला जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांचे. शस्त्र सुरक्षित ठेवीन असं लिहून द्यावं लागतं. ठाण्याची चौकशी होते. परवाना मिळाला तरी निवडणूक लागली की छाननी समिती ज्यांना सांगेल त्यांनी शस्त्र जमा करायचं. आणि नकार आला तर कारण लेखी मागा. जिल्हाधिकाऱ्यांच्या नकारावर तीस दिवसांत विभागीय आयुक्तांकडे अपील करता येतं. त्यांचं कार्यालय अमरावतीत आहे, म्हणजे अर्ज अकोल्याचा असला तरी अपिलासाठी अमरावतीच गाठायची.